उताण्या मेंढीला काय म्हणतात

बेक फूट, वरचं स्वेलडेल
९ मार्च १९९९

प्रिय मिस गारसाइड,

नमस्कार. आपली ओळख नाही, तरी पत्राच्या सुरुवातीला तब्येतपाणी विचारायची रीत आहे म्हणून विचारते: तुम्ही कशा आहात? इस्पितळात रोज खेपा घालणाऱ्या माणसाला हे कुणी विचारत नाही, सगळे पेशंटचंच विचारतात. इकडे आम्ही ठीक. डोंगरमाथ्यावर अजून बर्फ आहे, पण कर्ल्यू पक्षी परत आलेत. आपला माइल्स, म्हणजे माझा मुलगा, गाभण मेंढ्यांच्या मागे धावतोय, आणि माझे गुडघे मार्च महिन्यात जसे असतात तसेच आहेत.

तुमच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आल्याचं वाचलं आणि पत्राची घडी घालून चहाच्या डब्याखाली ठेवलं. मग दोन-तीनदा काढून वाचलं. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे, पोस्टमनला बोल लावू नका.

नाताळच्या शुभेच्छांच्या गठ्ठ्यात दर वर्षी माझं एक कार्ड असायचं आणि पत्ता इकडचा होता, म्हणून विचारायचं धाडस केलं, असं तुम्ही लिहिता. धाडस कसलं त्यात? बरं झालं विचारलंत. तिथल्या वाचा-उपचाराच्या मॉरागबाई तुमच्या वडिलांना चित्रं दाखवतात, 'हे काय?' असं विचारतात, आणि वडील काहीतरी भलतंच बोलतात. डॉक्टरांना ते नुसते आवाज वाटतात. मॉरागबाई स्वतः मात्र मूळच्या स्कॉटलंडच्या, त्यांना शंका आली की यातला एखादा आवाज त्यांच्या आजीच्या तोंडी होता. हुशार दिसतात बाई. त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता तुमचे आवाज घेते. कानाचं चित्र दाखवल्यावर ते 'लग' म्हणाले. आमच्या खोऱ्यात कानाला लगच म्हणतात. कुडकुडणाऱ्या मुलाच्या चित्राला 'निदर्ड' म्हणाले. म्हणजे हाडापर्यंत गारठलेला. नुसती 'थंडी वाजतेय' म्हणणाऱ्याला आमच्याकडे कुणी घोंगडी काढून देत नाही, निदर्ड म्हणाला तर देतात. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. खरं तर एरवीच्या शब्दांपेक्षा जास्तच बरोबर आहेत.

तिसरा शब्द मात्र चित्राचा नाही. 'कसं वाटतंय?' असं विचारलं की दर वेळी ते तोच म्हणतात, आणि समोरच्याला कळला नाही की धड राहिलेला हात गादीवर आपटतात. तो तुम्ही तीन तऱ्हांनी लिहून पाठवलाय. त्यातली मधली तऱ्हा जवळची. तो शब्द 'रिगवेल्टेड' आहे.

गाभण मेंढी, किंवा लोकर भरून आलेली मेंढी, कधी कधी खड्ड्यात लोळते आणि पाठीवर पडते. पाय आभाळाकडे. मग तिला काही केल्या उलटता येत नाही. तिला दुखापत नसते, रोगही नसतो. पण तशीच राहिली तर पोट फुगून संपते, आणि त्याआधी कावळे येतात. अशा मेंढीला आम्ही रिगवेल्टेड म्हणतो. पलीकडच्या खोऱ्यात दुसरा शब्द आहे, नदीपार तिसरा. आपला तोच खरा, असं प्रत्येकाला वाटतं.

हा शब्द तुमच्या वडिलांनी आमच्या स्वयंपाकघरात, फरशीवर पडल्या पडल्या मिळवलेला आहे. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते. आई गेलेली, घरात मी आणि वडील. विद्यापीठातून एक तरुण मोटारसायकलवरून आला. खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्यांकडून जुने शब्द गोळा करायचे, हे त्याचं काम. या कामाचा एक कडक नियम होता: विचारणाऱ्याने शब्द स्वतः उच्चारायचा नाही. कारण शिकलेल्या माणसाच्या तोंडून 'कान' ऐकला की म्हातारा भिडेने 'कान'च परत देतो, आणि त्याचा स्वतःचा शब्द पोटात राहतो. म्हणून वर्णन करायचं, बोट दाखवायचं, नक्कल करायची, आणि मग गप्प बसून वाट बघायची.

माझ्या वडिलांना, जोनास अल्डरसनना, हा नियम पहिल्याच सकाळी कळला आणि आयतीच करमणूक मिळाली. डुकरीच्या विणीतल्या सगळ्यात मरतुकड्या पिल्लाला काय म्हणतात, हे विचारायचं होतं. हा बिचारा खुर्चीत अंग चोरून बसला आणि बारीक आवाजात कुंई कुंई करू लागला. वडिलांना पहिल्याच कुंईला कळलं होतं.

"आवाज नीट आला न्हाई," ते म्हणाले. "पुन्यांदा कर बघू."

त्याने पुन्हा केला.

"म्हातारं डुक्कर हाय का त्ये?"

मी चहा घेऊन आत आले तेव्हा विद्यापीठाचा माणूस घामाघूम होऊन कोंबडीएवढा झाला होता आणि वडील पाइपच्या धुरामागे हसू लपवत होते. मी म्हटलं, "बाबा, सांगून टाका. पोरगं रडेल आता." यावर त्या पोरग्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच नियम मोडला.

दुपारी पाय मोकळे करायला म्हणून तो वरच्या कुरणात गेला आणि लगेच परत आला. "मिस्टर अल्डरसन, तुमची एक मेंढी वर आराम करतेय," तो म्हणाला.

"आराम? त्यो कसा काय?"

आता वर्णन करणं आलं. सवयीने तो फरशीवर उताणा झाला आणि हातपाय वर केले. वडिलांनी पाइप तोंडातून काढला.

"आन् तुमच्याकडं ह्याला काय म्हन्त्यात?"

"आमच्याकडे..." तो खालून म्हणाला, "आमच्याकडे मेंढ्या नाहीत."

"मंग लिवून घे. रिगवेल्टेड. आन् ऊठ आता, मरंल ती तकडं."

तोपर्यंत मी दाराबाहेर पडले होते. तो मागून धावत आला. मी मेंढीला लोकरीला धरून उलटवलं आणि दोन गुडघ्यांत दाबून उभी धरली. हे फार महत्त्वाचं असतं. उलटवली की झालं, असं नवख्याला वाटतं. पण तिचे पाय बधिर झालेले असतात, डोकं गरगरत असतं, सोडली की पुन्हा कोसळते. तो म्हणाला, मला धरू द्या. धरली. थोड्या वेळाने 'उभी आहे की आता' म्हणाला आणि सोडली. ती आडवी झाली आणि तिच्यासोबत तोही. मी म्हटलं, "तिला अजून ठाऊक नाही ती उभी आहे ते." हे वाक्यही त्याने लिहून घेतलं.

तर मिस गारसाइड, तुमचे वडील भलतंसलतं बोलत नाहीत. तुम्ही विचारता कसं वाटतंय, आणि ते अगदी नेमकं सांगतात. महिनाअखेर तपासणी आहे, आणि 'यांना बोललेलं समजत नाही' असं ठरलं तर बोलण्याची शिकवणी बंद करून कायमचं शुश्रूषागृहात हलवतील, असं तुम्ही लिहिलंय. तसं होऊ देऊ नका. मॉरागबाईंना हे पत्र दाखवा. मला औषधातलं काही कळत नाही, पण मेंढीबद्दल विचाराल तर तिला उठवून पाय जमिनीला लावून धरतात, आणि घाई करत नाहीत.

आमच्या खोऱ्यात आणखी एक आहे. रिगवेल्टेड मेंढी दिसली तर ती कुणाचीही असो, तसंच पुढे जायचं नाही. शेजारच्या फॉसेटशी कुंपणावरून वडिलांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. तरी त्याची मेंढी उताणी दिसली की ते भिंत ओलांडून जात, तिला उभी करत, आणि मग परत येता येता फॉसेटच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. नाव नुसतं 'थर्झा' सांगितलंत तरी चालेल, कॅल्व्हर्ट हे नंतरचं.

आपली विश्वासू,
थर्झा कॅल्व्हर्ट


बेक फूट
२८ मार्च १९९९

प्रिय फिलिपा,

'तुम्ही' नको म्हणालीस, म्हणून ही घे 'तू'. इकडे 'तू' म्हणायला आम्हाला फारसं निमित्त लागत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कोठारात होते. हात पुसायचे राहिले, त्यामुळे तुझ्या पत्राला आता मेंढ्यांचा वास आहे. मॉराग आणि नर्सने मिळून त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीला टेकवले आणि दोन्हीकडून धरून ठेवलं. बराच वेळ ते डोळे मिटून होते. मग डोळे उघडून 'हं' म्हणाले, आणि त्या दिवशी गादीवर हात आपटला नाही. एवढंच तू लिहिलंस. मी ते चालता चालता वाचलं, आणि मग जनावरांच्या पाण्याच्या हौदावर बसून रडले. फ्लाय, आमची कुत्री, समोर बसून बघत होती. तिला वाटलं असेल, म्हातारीला काम नाही.

तपासणी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यावर ढकलली हे उत्तम. पण त्यांच्या शब्दांत त्यांच्याशी बोलणारं कुणीतरी तिथे हवं, आणि ते मीच, हे मात्र जमायचं नाही. एप्रिलचा तिसरा आठवडा म्हणजे आमच्या मेंढ्या वितात. आपला माइल्स एकटा, त्याची बायको दिवसा शाळेत शिकवते, आणि अडलेल्या मेंढीला सोडवायला माझाच लहान हात लागतो. शिवाय यॉर्कच्या पलीकडे मी कधी गेलेली नाही. तुमच्या नॉटिंगहॅममध्ये इस्पितळाचा रस्ता चुकले तर विचारू काय, आणि सांगणाऱ्याचं मला कळणार काय? मॉरागला लागतील ते शब्द मी इथून कळवीन. ती शिकेल. तरुण आहे.

तू सरळच विचारलंयस, 'माझे वडील आणि तुम्ही यांच्यात काय होतं?' तुमच्या पिढीला लाज कमी, ते एका परीने बरंच आहे. इथपर्यंत त्यांना वाचून दाखव. इथून पुढचं तुझ्यापुरतं ठेव.

काही नव्हतं, म्हटलं तर.

पहिल्या खेपेनंतर वर्षभराने तो पुन्हा आला. एक उत्तर पडताळून बघायचं राहिलंय, असं म्हणाला. कुठलं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. वडिलांनी विचारलंही नाही. त्यांनी त्याला जेवायला बसवलं, आल्याचा केक आणि चीज पुढे केलं, आणि भिंत बांधायला लावली. दिवसभर दगड उचलून संध्याकाळी त्याची बोटं पेन धरण्यापुरतीही वाकत नव्हती. वडील त्याला म्हणाले, "विद्यापीठात ह्ये शिकवत न्हाईत न्हवं?" त्यावर तो म्हणाला, "शिकवतात, पण दगड हलके असतात." वडील हसले. माझे वडील बाहेरच्या माणसाच्या बोलण्यावर हसत नसत.

भिंत झाली. शब्द संपले होते. जायच्या दिवशी तो मोटारसायकलला लाथा मारत होता आणि ती सुरू होत नव्हती. ती सुरू होत नव्हती की तो करत नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. मी भिंतीवर बसले होते. वडील मुद्दाम लांब, कोंबड्यांच्या मागे काहीतरी करत होते. मग त्याने लाथ मारायची थांबवली, वही काढली आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं:

"एखादा माणूस कामासाठी घरात येतो. काम संपतं. तरी त्याचा पाय निघत नाही. अशा माणसाला तुमच्याकडे काय म्हणतात?"

मला कळलं होतं. वडिलांना डुकराचं पिल्लू कळलं होतं तसं पहिल्याच कुंईला कळलं होतं. पण मला वाटलं, त्याने म्हणावं. एकदा तरी नियम मोडावा आणि शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारावा. तो आपला थांबला, पेन्सिल तयार ठेवून, उत्तर देणाऱ्याला जेवढा वेळ द्यायचा असतो तेवढा वेळ देत. मला हसू आलं, राग आला, दोन्ही एकदम आलं.

मी म्हटलं, "लोचट."

त्याने ते लिहून घेतलं. मोटारसायकल पहिल्या लाथेला सुरू झाली.

चूक कुणाची, असं मी कधी म्हटलं नाही. त्याचा स्वभाव त्याच्या कामाला साजेसा होता, आणि मी जोनास अल्डरसनची मुलगी होते. मागे वडिलांना एकटं टाकून मी गेलेही नसते बहुतेक. पुढे विल्फ कॅल्व्हर्टने विचारलं. त्याने काही वर्णन वगैरे केलं नाही, 'करतेस का लग्न?' एवढंच म्हणाला. चांगला माणूस होता विल्फ, आणि आमचं चांगलं झालं. तुझ्या आईबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही, तिचं नाव तुझ्या वडिलांच्या नावाखाली दर नाताळला सुंदर अक्षरात यायचं. ती गेल्याचं ज्या वर्षी कळलं, त्या वर्षी ते अक्षर नसलेलं कार्ड मला बघवलं नाही.

कार्डावर शुभेच्छा दोन ओळींत संपत, आणि खाली एक प्रश्न असे. तो तेव्हा समानार्थी शब्दांच्या कोशावर कामाला लागला होता. यंदा अमुक शब्द हाताशी आहे, तुमच्याकडे काय म्हणतात? मी उलट टपाली उत्तर देई. विल्फ कार्ड हातात घेऊन ओरडे, "थर्झे, तुझ्या शब्दवाल्याचं आलं गं!" आणि उत्तराचा शब्द बरोबर आहे की नाही यावर आम्ही दोघं जेवताना वाद घालत असू. आमच्या घरी नाताळ म्हणजे हंस, पुडिंग आणि एडमंड गारसाइडचा शब्द.

एका वर्षी 'हेल्पलेस' आला. साधा शब्द, पोरंसोरंही वापरतात. पण त्या कार्डावर त्याला जागा पुरली नव्हती, कडेने फिरवून लिहिलं होतं. त्याने लिहिलं होतं: याचे भाऊबंद माझ्यापुढे रांगेने उभे आहेत, आणि एकही मला आवडत नाही. लाचार म्हटलं की माणूस हात पसरलेला दिसतो. अगतिकाला वाट उरलेली नसते. हतबल आधी कधीतरी बलवान होता. निराधाराचं कुणी नसतं. पराधीन दुसऱ्याच्या मुठीत असतो. दीनवाण्याकडे बघून लोक तोंड फिरवतात. हे सगळे शब्द सांगतात की याच्यात शक्ती नाही. पण नुसता एक हात लागला की जो उठेल, अशा माणसाला काय म्हणावं? तुमच्याकडे आहे का काही?

मी एकच शब्द लिहून पाठवला. तुला आता तो ठाऊक आहे.

त्या वर्षी त्याचं कधी नव्हे ते नाताळाशिवाय पत्र आलं. वरिष्ठांनी तो शब्द घेतला नाही, फक्त मेंढ्यांना लागतो म्हणाले. पण तो म्हणाला, सगळ्या रांगेत हा एकटाच असा आहे, की ज्यात कुणीतरी येणार हे धरलेलं आहे. बाकीचे सगळे एकटे आहेत.

ते पत्र मी विल्फला दाखवलं. विल्फ म्हणाला, "लई विचार करतो माणूस." आणि मग पत्राची घडी घालता घालता म्हणाला, "पर खरंय."

आता खरं सांगते मी का येत नाही. मेंढ्या वितात हे खरं, पण त्या काय, माइल्स सांभाळेल. मला भीती वाटते, फिलिपा. त्याला शब्द आठवतात, ते चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले. मी त्याच्यासमोर उभी राहीन, पांढऱ्या केसांची, गुडघ्यांवर हात टेकून चालणारी. मॉराग विचारील, 'हे कोण?' आणि तो बघत राहील, आणि त्याच्यापाशी माझ्यासाठी शब्द नसेल. इथे बसून मला निदान असं वाटून घेता येतं, की असेल.

हे त्याला वाचून दाखवू नकोस. मेंढीचं सांग, भिंतीचं सांग, विल्फ वाद घालायचा ते सांग. हे नको.

तुझी,
थर्झा


बेक फूट
१४ एप्रिल १९९९

एडमंड,

वडिलांनी तुला पहिल्या सकाळपासून 'तू' म्हटलं. मी कधी म्हटलं नाही, कार्डावरसुद्धा नाही. आता या वयात म्हणते. फिलिपा हे मोठ्याने वाचत असेल, तर वाचू दे. तिच्यापासून काही लपवून ठेवण्यात अर्थ नाही हे मला कळून चुकलंय.

तिने माझं ऐकलं नाही. वाचू नकोस म्हटलेलं तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत तुला वाचून दाखवलं. तिचं पत्र आलं तेव्हा तिला दोन शब्द सुनवायचे असं मी ठरवलं होतं. पण पुढे तिने लिहिलंय, की मोटारसायकलपाशी आल्यावर तिने थांबून तुझ्याकडे पाहिलं. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तिने अजून वाचलंही नव्हतं. आणि तूच म्हणालास, "लोचट." मॉराग तिथेच होती. ती म्हणे टाळ्या वाजवायला लागली, आणि डॉक्टरांना बोलवून आणलं, आणि तू त्यांच्या तोंडावर पुन्हा म्हणालास. डॉक्टरांना वाटलं त्यांनाच म्हणालास. म्हटलं असतंस तरी माझी हरकत नव्हती.

तुला सगळं समजतं हे आता डॉक्टरांनाही समजलं असेल. तरी तपासणी व्हायचीच आहे, म्हणते फिलिपा, आणि तीत तुझ्याकडून जास्तीत जास्त शब्द निघाले तर शिकवणी पुढे चालू राहील.

काल दुपारी पाऊस आणि वारा होता. भिंतीच्या आडोशाला, तू बांधलेल्याच भिंतीच्या, एक मेंढी उताणी सापडली. भिंत अजून उभी आहे, एके ठिकाणी पोट आलंय तिला, पण ती जागा वडिलांनी बांधलेली. मी मेंढी उलटवली आणि गुडघ्यांत धरली. माझे गुडघे हल्ली स्वतःच कुणीतरी धरावे असे आहेत. आपला माइल्स खालून ओरडला, "सोड आई, उभी आहे ती."

मी म्हटलं, "तिला अजून ठाऊक नाही."

आणि मग मी तिथेच पावसात उभी राहिले आणि मला कळलं मी काय म्हणाले ते. माइल्स वर आला. माझं तोंड बघून त्याने मेंढी स्वतःच्या गुडघ्यांत घेतली. फिलिपाची पत्रं त्याने वाचलेली होती, मी चहाच्या डब्याखाली ठेवते हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

"मग जा की," तो म्हणाला.

"ऐन विताना?"

"आजोबा कुणाच्याही मेंढीसाठी भिंत ओलांडायचे, असं तूच सांगतेस ना? का ते नुसतं सांगण्यापुरतं?"

त्याची ही जीभ अल्डरसनांकडून आलीय, कॅल्व्हर्टांकडून नाही.

तर मी सोमवारी येतेय. डार्लिंग्टन स्टेशनपर्यंत माइल्स सोडील, पुढची गाडी फिलिपाने लिहून दिलीय. केक आणते, चीज आणते. चहा तिथला कसला असेल देव जाणे, म्हणून आपलीच पत्ती आणते, आणि ती नीट मुरेपर्यंत कुणी कप पुढे करायचा नाही, हे नर्सला आधीच सांगून ठेवा.

मला बघून तुला शब्द सुचला नाही तर चालेल. हे मी मनापासून लिहितेय, फिलिपा, नीट वाच. मी तुझ्याच पद्धतीने विचारीन. शब्द माझ्या तोंडून काढणार नाही, बोट दाखवीन, नक्कल करीन, लागलं तर कुंई कुंईसुद्धा करीन, आणि मग गप्प बसून वाट बघीन. तुला हवा तेवढा वेळ घे. मॉराग म्हणते तुला दोन्हीकडून धरून उभं करायला दोन माणसं लागतात. एका बाजूला मी उभी राहीन. 'उभे आहेत की आता' असं कुणीही म्हणालं तरी मी सोडणार नाही. तू सांगशील तेव्हा.

एक काम मात्र राहिलंय. तू दुसऱ्या खेपेला कुठलं उत्तर पडताळायला आला होतास ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी तुला चुकीचं दिलं. तुझ्या कामात चुकीचं उत्तर वहीत राहू देत नाहीत, असं तूच वडिलांना सांगितलं होतंस. तेव्हा ते खोडून टाक आणि बरोबर लिहून घे.

काम संपल्यावरही ज्याचा पाय घरातून निघत नाही, त्याला परक्या ठिकाणी काय म्हणतात मला माहीत नाही. आमच्या खोऱ्यात घरच्या माणसाच्या नावाआधी एक शब्द लावतात. आपला माइल्स. आपला विल्फ. तू तो पहिल्याच आठवड्यात टिपून घेतला होतास, प्रश्न यादीत नसताना. वडिलांनी तो तुझ्यासाठी तू गेल्यावर वापरला. त्या संध्याकाळी तिसरी थाळी मांडून बसले होते, आणि दाराकडे बघून म्हणाले, "आपला एडमंड जेवून गेला असता तर बरं झालं असतं."

मी थाळी उचलून ठेवली. शब्द ठेवून घेतला.

सोमवारी भेटू.

आपली,
थर्झा